काचेआधी सावली

यंदा चौथ्या वर्षाच्या डिझाइन स्टुडिओला मी जो विषय दिला, तो कागदावर चार ओळींचा होता. सोलापुरातल्या एका बंद गिरणीच्या मोकळ्या जागेवर शहराचं सार्वजनिक ग्रंथालय उभं करायचं. त्यात वाचनकक्ष, मुलांचा विभाग, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत चालणारी अभ्यासिका आणि सहाशे माणसांचं सभागृह हवं. इमारत भव्य असावी. ती सगळ्या शहराची आहे हे लांबूनच कळावं. आणि तिचं मुख्य साहित्य काच असावं.

शेवटच्या ओळीवर वर्गात कुजबुज झाली. सोलापूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला तिचं कारण सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर जातो आणि दिवसेंदिवस खाली येत नाही. माझं माहेर तिथलंच. माळवदाचं घर, हात हात जाडीच्या भिंती, वरती छोटे झरोके आणि दुपार झाली की ओढून घेतलेली दारं, अशा घरात मी वाढले. त्या गावात काचेचं ग्रंथालय मागणं हा कुणाला हट्ट वाटेल. मी तो विषय पूर्ण विचाराने दिला. आज तालुक्याच्या गावातही नवं रुग्णालय, नवी बँक, नवं सरकारी कार्यालय निळ्या काचेत उभं राहतं. काच म्हणजे प्रगती, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. माझे विद्यार्थी दोन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतील, तेव्हा त्यांच्याकडे हीच मागणी येणार. ती टाळायची कशी, यापेक्षा ती नीट पुरी कशी करायची, हे शिकवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो आणि स्टुडिओ हा त्याचा कणा. एक विषय, एक जागा, एक सत्र. विद्यार्थी आठवड्यातून दोन-तीनदा आपली रेखाटनं घेऊन समोर बसतात, आम्ही बटर पेपर टाकून त्यावरच पेन्सिल चालवतो, ते पुन्हा काढून आणतात. सत्राच्या शेवटी जुरी असते. बाहेरचे वास्तुविशारद येतात, भिंतीवर लावलेल्या शीट आणि टेबलावरची मॉडेलं बघून प्रश्न विचारतात. यातली एकही इमारत बांधली जात नाही. तरी मला स्टुडिओ फार मोलाचा वाटतो, कारण धंद्यात उतरल्यावर मालकाची घाई, कंत्राटदाराचे दर आणि परवानग्यांच्या तारखा यांत जे प्रश्न विचारायचेच राहून जातात, ते इथे सावकाश विचारता येतात.

माझे असे प्रश्न दोनच असतात. ऊन कुठून येतं? आणि माणूस कुठून येतो?

पहिल्या आठवड्यात वर्गाने आणलेली चित्रं बहुतेक एकसारखी होती. मोठा काचेचा ठोकळा, आत दिवे लागलेले, मागे संध्याकाळचं जांभळं आकाश. संगणकावर अशी दृश्यं झटपट तयार होतात आणि ती नेहमी संध्याकाळचीच असतात, कारण काच त्या वेळी सर्वांत सुंदर दिसते. बाहेर उजेड कमी आणि आत जास्त असला की ती आरपार दिसते. भर दुपारी उलटं होतं: बाहेरून ती आरशासारखी आकाश परतवते आणि आतलं काही दिसत नाही. ग्रंथालय तर दिवसभर उघडं असतं. म्हणून पहिला नियम केला की पुढच्या वेळेपासून प्रत्येकाने दुपारी चारचं चित्र आणायचं.

आता थोडा इतिहास सांगते, कारण काचेतली भव्यता कुठून आली हे कळलं की तिचा मोहही समजतो आणि तिचं मोलही.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ मध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी मागवलेल्या दोनशेहून अधिक आराखड्यांपैकी एकही पसंत पडला नाही. शेवटी जोसेफ पॅक्स्टन या माणसाचा आराखडा स्वीकारला गेला. तो वास्तुविशारद नव्हता. चॅट्सवर्थच्या सरदारांच्या बागेचा तो प्रमुख माळी होता आणि त्याने तिथे रोपांसाठी मोठी काचघरं बांधली होती. त्याच अनुभवावर त्याने क्रिस्टल पॅलेस रचला: लांबी १,८४८ फूट, सुमारे तीन लाख काचा, ओतीव लोखंडाचे खांब, आणि सगळे भाग कारखान्यात तयार होऊन जागेवर फक्त जोडलेले. वर्षभराच्या आत इमारत उभी राहिली. पार्कातली जुनी एल्म झाडं तोडायला लोकांचा विरोध होता, म्हणून मधला भाग कमानीने उंच करून ती झाडं इमारतीच्या आतच घेतली. इंग्लंडमधला काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला नसता, तर एवढी काच परवडलीच नसती. पुढे तिकीट एक शिलिंगवर आलं आणि गावोगावचे कामगार रेल्वेने भरभरून आले. साठ लाख लोक ते पाहून गेले.

या इमारतीबद्दल मी वर्गाला एक गोष्ट नेहमी सांगते. लंडनच्या उन्हाळ्यातसुद्धा आत उकडेल हे पॅक्स्टनला ठाऊक होतं. त्याने भिंतींत हवेसाठी झडपा ठेवल्या आणि छतावर कापड ताणून सावली केली. म्हणजे काचेची पहिली जगप्रसिद्ध सार्वजनिक इमारतही कापडाखालीच उभी होती. आपल्याकडे बंगळूरच्या लालबागेतलं काचघर १८८९ चं, क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरचं. स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताकदिनाला तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं. बंगळूरची हवा सौम्य, तिथे ते शोभतं. सोलापूरला तेच नेलं तर फुलं दुपारपर्यंत माना टाकतील.

का टाकतील? उन्हात उभी केलेली, काचा बंद असलेली मोटार आठवा. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. तो आसनांवर, फरशीवर, पुस्तकांवर पडतो आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंमधून जी उष्णता बाहेर पडू पाहते, ती वेगळ्या जातीची, लांब लहरींची असते आणि साध्या काचेतून ती आरपार जात नाही. शिवाय आत कोंडलेली गरम हवा बदलत नाही. उष्णता येते, पण जात नाही.

वर्गात आम्ही याचा हिशेब मांडला. समजा ग्रंथालयाची पश्चिमेची भिंत ४० मीटर लांब आणि १५ मीटर उंच, संपूर्ण काचेची. क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. मे महिन्यात दुपारनंतर अशा उभ्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं असं धरलं, तर एकूण ३६० किलोवॅट. साधी पारदर्शक काच त्यातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते, म्हणजे २८८ किलोवॅट. वातानुकूलनाचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. भागाकार करा: फक्त या एका भिंतीतून आलेलं ऊन बाहेर काढायला ८० टनांहून मोठं यंत्र लागतं. घरात आपण जे दीड टनाचे एसी लावतो, तसे पंचावन्न. माणसांची, दिव्यांची, संगणकांची उष्णता यात धरलेलीच नाही. हा आकडा फळ्यावर लिहिला आणि वर्ग गप्प झाला. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग वाचनालयाचं वर्षाचं बजेट वीजबिलातच संपेल.” तिचं बरोबर होतं. गावोगावची ग्रंथालयं अनुदानाची वाट बघत चालतात. पुस्तकांच्या पैशांतून काचेचं वीजबिल भरणारं ग्रंथालय फार दिवस उघडं राहत नाही.

यावर विक्रेत्यांचं उत्तर तयार असतं: चांगली काच घ्या. ते निम्मं खरं आहे. आज काचेचे अनेक प्रकार मिळतात आणि ग्राहकाला ते माहीत असावेत. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट पत्रा करायची रीत अ‍ॅलिस्टेअर पिल्किंग्टन यांनी इंग्लंडमध्ये शोधली. १९५९ मध्ये ती जाहीर झाली आणि मोठी, निर्दोष काच स्वस्त झाली. तीच काच सुमारे ६२० अंशांपर्यंत तापवून वाऱ्याच्या झोतात झटकन थंड केली की टफन्ड होते. ती कितीतरी पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बोथट, बारीक तुकडे होतात. मात्र एकदा टफन्ड केली की ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. सगळी मापं आधीच पक्की लागतात. दोन काचांमध्ये चिवट थर घालून त्या चिकटवल्या की लॅमिनेटेड. ती तडकली तरी तुकडे थराला धरून राहतात. म्हणून डोक्यावर येणारी काच नेहमी लॅमिनेटेडच हवी. दोन काचांमध्ये हवेची बंद पोकळी ठेवली की दुहेरी काच, आणि आतल्या पृष्ठभागावर धातूचा अतिसूक्ष्म लेप दिला की लो-ई.

काच किती उष्णता आत सोडते याचा एक आकडा असतो, त्याला एसएचजीसी म्हणतात. ०.८ म्हणजे ऐंशी टक्के आत. आपल्या देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ मध्ये उष्ण प्रदेशांसाठी उत्तर सोडून बाकी दिशांना तो ०.२७ च्या आत ठेवायला सांगितलं. संहितेच्या साध्या मार्गाने जायचं तर बाहेरच्या भिंतींत काचेचं प्रमाण ४० टक्क्यांवर नको. त्याहून जास्त हवी असेल तर संपूर्ण इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब मांडून दाखवावा लागतो. ०.२७ ची काच लावली तर आमच्या भिंतीचे ऐंशी टन अठ्ठावीसवर येतात. सुधारणा मोठी आहे, पण अठ्ठावीस टनही थोडे नव्हेत. शिवाय अशी काच बहुधा गडद किंवा चकचकीत असते. आत दिवसा दिवे लावावे लागतात आणि बाहेरून माणसाला आपलंच प्रतिबिंब दिसतं. ज्या मोकळेपणासाठी काच घेतली, तोच हरवतो.

ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचं नाही, ते बाहेरच अडवायचं, हाच खरा मार्ग आहे. तो शोधताना विसाव्या शतकातल्या एका फार मोठ्या वास्तुविशारदालाही ठेच लागली होती. ल कॉर्ब्युझिए यांनी पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी बेघरांचं आश्रयस्थान बांधलं, सिते द रफ्यूज. ते १९३३ मध्ये उघडलं. दक्षिणेची संपूर्ण भिंत काचेची आणि पूर्ण बंद. दुहेरी काच आणि आत थंड हवा अशी मूळ कल्पना होती, पण पैसे पुरले नाहीत. काच एकेरी लागली, थंड हवेची यंत्रणा आलीच नाही. हिवाळ्यात ठीक चाललं, उन्हाळ्यात आतली माणसं भाजून निघाली. नंतर उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत काचेबाहेर ऊन अडवणाऱ्या सिमेंटच्या पट्ट्या आल्या.

त्या पट्ट्यांची पुढची पायरी आपल्याच देशात दिसते. आम्ही चौथ्या वर्षाची सहल अहमदाबादला नेतो, ती मुख्यतः गिरणीमालकांच्या संघाची १९५४ ची इमारत दाखवायला. तीही ल कॉर्ब्युझिए यांचीच. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची, म्हणून तिथे काँक्रीटच्या खोल पट्ट्या तिरप्या वळवल्या आहेत. ऊन अडतं, वारा येतो. साबरमतीकडची बाजू पूर्वेची, तिथे पट्ट्या सरळ आहेत आणि नदी दिसते. एकाच इमारतीचे दोन चेहरे वेगळे, कारण दोन दिशांचं ऊन वेगळं. मी विद्यार्थ्यांना तिथे दुपारी नेते आणि पट्ट्यांच्या मागे उभं करते. तो गारवा एकदा अंगाला लागला की मग मला व्याख्यान द्यावं लागत नाही.

सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो. या दोन्हींच्या मधल्या काळात तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेला झुकून जेमतेम ४९ अंश चढतो. त्यामुळे दक्षिणेची भिंत सोपी. आडवा छज्जा काढला की कडक उन्हाळ्यात तिथे ऊन येतच नाही, आणि हिवाळ्यातलं कोवळं ऊन हवं तेवढंच आत घेता येतं. घात करते ती पश्चिम. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर असतो. तीन मीटर उंचीची काच झाकायला तेव्हा सहा मीटरहून खोल छज्जा लागेल. म्हणून पश्चिमेला छज्जा निरुपयोगी. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, झाडं हवीत, किंवा सरळ भिंत हवी. जिने, स्वच्छतागृहं, पुस्तकांची कोठारं अशा उजेड नको असलेल्या खोल्या पश्चिमेला ओळीने लावा. त्याच इमारतीची ढाल होतील.

हे सगळं आम्ही आकड्यांनीच शिकवतो असं नाही. मॉडेल बनवायचं, काचेच्या जागी ओएचपी शीट लावायची, वर्गाचे पडदे ओढायचे आणि एकाने मोबाइलचा टॉर्च हव्या त्या कोनात धरून उभं राहायचं. दुपारी चारचा सूर्य असा हातात धरला की वाचनकक्षाच्या टेबलावर ऊन पडतं की सावली, हे सगळ्यांना एकदम दिसतं. बरीच डिझाइनं त्या अंधाऱ्या वर्गातच बदलली.

काच उभी कशी राहते, हाही भाग लोकांना फारसा ठाऊक नसतो. काच जड असते. दर मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरचं वजन अडीच किलो. दोन मीटर रुंद, तीन मीटर उंच आणि १२ मिलिमीटर जाड काच १८० किलो भरते. तिला दाब सोसतो, वाक सोसत नाही, आणि एखाद्या टोकावर ताण आला की ती क्षणात फुटते. त्यातून उन्हाने सगळं प्रसरण पावतं, तेही वेगवेगळं. तापमान ४० अंशांनी वाढलं तर दहा मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नऊ मिलिमीटर वाढते, तेवढीच काच साडेतीनच्या आसपास. दोघांना घट्ट जखडलं तर काच जाणारच. म्हणून चांगल्या काचकामात प्रत्येक सांध्याला हलायला जागा ठेवलेली असते. पॅरिसच्या ला व्हिलेत विज्ञानकेंद्रात, १९८६ मध्ये, पीटर राइस या अभियंत्याने ३२ मीटर लांब-रुंद काचेच्या भिंती चौकटीशिवाय उभ्या केल्या. दोन मीटरच्या चौरस काचा एकीखाली एक टांगलेल्या, मागे पोलादी तारांची जाळी, आणि प्रत्येक कोपऱ्यात गोल फिरणारा सांधा, म्हणजे वाऱ्याने भिंत हलली तरी काच पिळवटत नाही. मॉलच्या दारात आपण चार पायांचे स्टीलचे पंजे काच धरून बसलेले पाहतो, त्यांचं घराणं तिथलं.

हे झालं उन्हाचं. आता माणसाचं.

भव्य इमारत कुणाची, हा प्रश्न मला उन्हाइतकाच जिव्हाळ्याचा आहे. सोलापूरच्या मुलांना भव्यता म्हणजे काय हे शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात, गोलघुमटाखाली लहानपणीच कळलेलं असतं. मान वर करून बघता बघता आपण लहान होतो. ती एका बादशहाच्या कबरीची भव्यता आहे. सार्वजनिक ग्रंथालयाची भव्यता वेगळी हवी. तिथे शिरल्यावर माणसाला आपण या शहराचे कुणीतरी आहोत असं वाटायला हवं.

काच हे काम आपोआप करत नाही. आपल्या शहरांतल्या काचेच्या मनोऱ्यांच्या दाराशी बघा. आतलं सगळं दिसतं, पण फाटकावर ओळखपत्र, वॉचमनकाका, नोंदवही आणि ‘काम काय आहे?’ हा प्रश्न. उलट आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाडजूड, तरी बाहेरच्या ओट्यावर वाटसरू विनापरवानगी बसायचा. त्यामुळे काचेतून काय दिसावं, यापेक्षा रस्त्यावरचा माणूस किती आतपर्यंत न विचारता येऊ शकतो, हे मी आधी तपासते.

जगात याची उत्तम उदाहरणं आहेत. बर्लिनच्या राइशटाग या संसदभवनावर नॉर्मन फॉस्टर यांनी १९९९ मध्ये काचेचा घुमट बसवला. सामान्य नागरिक गोल चढणीने त्यात फिरतो आणि खाली लोकप्रतिनिधींचं सभागृह असतं. निवडून देणारा वर, निवडून आलेला खाली. मधला आरशांचा शंकू दिवसाचा उजेड सभागृहात उतरवतो आणि सूर्याबरोबर फिरणारी एक पडदी थेट ऊन अडवते. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच रचनेत आली आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला आय. एम. पेई यांचा १९८९ चा काचेचा पिरॅमिड जेमतेम साडेएकवीस मीटर उंच आहे. आधी त्याला कडाडून विरोध झाला. पण तो मुळात दार आहे: जमिनीखालच्या मोठ्या दालनात उजेड आणि माणसं एकाच वाटेने उतरतात.

आणि एक उदाहरण सावधगिरीचं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी दोमिनिक पेरो यांनी उघड्या पुस्तकांच्या आकाराचे चार काचेचे मनोरे उभे केले, प्रत्येक ७९ मीटर उंच. पुस्तकं त्या मनोऱ्यांत आणि वाचक खाली, खोल बागेभोवती. सूर्यप्रकाशाने, विशेषतः त्यातल्या अतिनील किरणांनी, कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. टीका झाल्यावर काचेच्या आत लाकडी झडपा बसवून पुस्तकांवरचं ऊन अडवावं लागलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात १९६३ मध्येच याचं उत्तर दिलेलं होतं. बाहेरच्या भिंती पातळ संगमरवराच्या. उजेड मधासारखा पाझरतो, ऊन येत नाही. दुर्मीळ पुस्तकांचा काचेचा मनोरा आत, सावलीत आहे. काच तिथे आहेच, फक्त योग्य जागी.

सत्राच्या मध्यावर वर्ग जागा पाहायला सोलापूरला गेला. दुपारी जागेच्या कुंपणाला टेकून एक वयस्कर गृहस्थ बसले होते, पूर्वी गिरणीत कामाला असलेले. एका विद्यार्थ्याने विचारलं, “आजोबा, उन्हाळ्यात दुपारी तुम्ही कुठं बसता?” ते म्हणाले, “सावली मिळंल तिथं. कुणी उठवणार नाही तिथं.” परत आल्यावर त्या विद्यार्थ्याने आपला ठोकळा मोडला. त्याने सगळ्या जागेवर आधी एक मोठं छप्पर काढलं, चारी बाजूंनी खोलवर बाहेर येणारं. त्याच्या सावलीत रस्त्याच्या कडेने लांबच लांब ओटा, पाण्याचे नळ, वर्तमानपत्रांचे स्टँड. काचेच्या भिंती त्या सावलीच्या आत, मागे सरकलेल्या. ऊन त्यांना शिवत नाही म्हणून काच स्वच्छ, बिनरंगी ठेवता आली आणि ओट्यावर बसलेल्याला आतली पुस्तकं दिसू लागली.

दुसऱ्या एका मुलीचे आईवडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. तिने ताणाबाणा डोळ्यांसमोर ठेवून भाजलेल्या मातीच्या पट्ट्यांची जाळी केली, पश्चिमेला दाट आणि उत्तरेकडे विरळ होत जाणारी. जाळी आणि काच यांच्यात तिने माणूस चालेल एवढी वाट सोडली. त्या वाटेतून गरम हवा वर निघून जाते आणि तिथूनच काच पुसताही येते. सोलापुरात धूळ भरपूर आणि बोअरचं पाणी जड. काच धुतली तरी क्षारांचे पांढरे डाग राहतात. काच पुसायला माणूस कुठे उभा राहणार, त्याच्या पायाखाली काय असणार, त्याचा पट्टा कशाला अडकणार, हे तिने छेदात, म्हणजे इमारत उभी कापल्यासारख्या चित्रात, काढून दाखवलं. जुरीत मला त्या शीटचा सर्वांत जास्त अभिमान वाटला. तिसऱ्याने बाहेरच्या भिंती जवळजवळ बंद ठेवल्या आणि सगळी काच आतल्या चौकाकडे वळवली, वाड्यासारखी. तीन मजले उंच वाचनकक्ष चौकातल्या कडुनिंबाकडे बघत उभा राहतो. रस्त्यावरून मात्र त्याचं भव्यपण जाणवेना. पाहुण्या परीक्षकांनी त्यावर बराच वेळ चर्चा केली आणि शेवटी प्रवेशाचा एकच उंच, सावलीतला काचेचा दरवाजा रस्त्याकडे उघडायला सुचवलं.

तिन्ही डिझाइनांमध्ये पहिल्या आठवड्यातल्या ठोकळ्यापेक्षा काच कमी होती आणि तिन्ही इमारती त्या ठोकळ्यापेक्षा भव्य होत्या. खोल सावलीतून मागे दिसणारी उंच काच उघड्यावरच्या काचेपेक्षा कितीतरी गंभीर आणि मोठी वाटते, कारण सावली तिला खोली देते. आमच्या उन्हात काचेची सार्वजनिक इमारत करायची तर आधी सावली रचावी, मग तिच्यात काच बसवावी, हे मी आता ठामपणे सांगते. सावलीत माणूस आपणहून येतो, म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर बरेचदा एकच निघतं.

हे फक्त विद्यार्थ्यांनी शिकून पुरणार नाही. तुमच्या गावात पालिकेची नवी इमारत, नाट्यगृह, ग्रंथालय व्हायचं असेल तेव्हा वर्तमानपत्रात तिचं चकाकतं चित्र छापून येतं. ते बघून थांबू नका. पश्चिमेला किती काच आहे आणि तिच्या बाहेर सावलीसाठी काय आहे, हे विचारा. वीज गेली तर किती खिडक्या हाताने उघडतात, वर्षाचं वीजबिल किती धरलं आहे, काच पुसायची तरतूद कोणत्या खात्यातून आहे, हेही विचारा. रस्त्यावरून येणारा माणूस नोंदवहीत सही न करता कुठपर्यंत जाऊ शकतो, ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. यासाठी वास्तुकलेची पदवी लागत नाही. इमारत आपल्या पैशांतून होते आहे एवढं पुरतं. आणि सगळ्यांत आधी मे महिन्यातल्या दुपारी चारचा छेद मागा. तो छेद ज्याच्याजवळ तयार आहे, त्याच्या हाती काच द्यायला हरकत नाही.